मुंबईच्या किनाऱ्यावरचा जादूचा जीव : मुलांसाठी मैत्रीची गोष्ट कशी रचावी

लहान मूल आणि समुद्रातला जादूचा जीव यांच्या मैत्रीची गोष्ट मुलांना हमखास आवडते, आणि बहुधा त्यामुळेच ती फारशी मेहनत न घेता लिहिली जाते. एखादी जलपरी लाटेवर बसून येते, मुलाच्या तीन इच्छा पुरवते, जाताना एक मोती हातावर ठेवते आणि गोष्ट संपते. अशा गोष्टीतला समुद्र मुंबईचा आहे, रत्नागिरीचा आहे की नुसताच चित्रातला आहे, हे वाचणाऱ्या मुलाला शेवटपर्यंत कळत नाही. घरातल्या मुलांसाठी, शाळेच्या हस्तलिखितासाठी किंवा एखाद्या दिवाळी अंकासाठी अशी गोष्ट लिहू पाहणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी एक पथ्य पाळले, तरी निम्मे काम होते : गोष्टीत जादू एकच ठेवावी आणि बाकीचा सगळा समुद्र जसा आहे तसा लिहावा. आपला किनारा इतका विलक्षण आहे की त्यात दुसरी जादू घालायला जागाही उरत नाही.

आधी किनारा, मग जीव

पुष्कळ लेखक जीव आधी ठरवतात आणि मग त्याला समुद्रात सोडतात. याच्या उलट करावे. मुंबईचा किनारा म्हणजे केवळ गिरगावची आणि जुहूची वाळू नव्हे. शिवडीला चिखल आहे आणि तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. माहीम, वेसावे आणि गोराईच्या खाड्यांत तिवरांची दाटी आहे आणि तिवरांच्या मुळांशी निवट्या नावाचे छोटे मासे चिखलावर उड्या मारत असतात. हाजी अली, वरळी आणि वांद्र्याला काळा, खडबडीत बेसॉल्ट खडक आहे, जो भरतीच्या वेळी पूर्ण बुडतो आणि ओहोटीला उघडा पडतो. चिखलातली गोष्ट वेगळी होईल आणि तिवरांतली वेगळी. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याने मात्र खडकाळ किनारा घ्यावा, कारण मैत्रीच्या गोष्टीतली सर्वांत मोठी अडचण तो आपोआप सोडवतो. मूल पाण्याखाली राहू शकत नाही आणि समुद्रातला जीव जमिनीवर राहू शकत नाही. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत जी डबकी मागे उरतात, तेवढीच काय ती दोघांना समोरासमोर येण्याची जागा असते.

लिहिण्यापूर्वी हे डबके प्रत्यक्ष पाहावे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा २०१७ साली सुरू झालेला नागरिकांचा उपक्रम हाजी अली, गिरगाव, जुहू, वांद्रे अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर सहली नेतो आणि त्यात जाणकार सोबत असतात. एखाद्या डबक्याजवळ पाच मिनिटे न हलता बसले, तर सुरुवातीला नुसता खडक दिसतो. मग त्यातला एक शंख चालू लागतो, कारण त्याच्या आत शंखाचा मूळ मालक नसून एक छोटा खेकडा बिऱ्हाड करून राहिलेला असतो. शेवाळाचा वाटलेला हिरवा थर निरखून पाहिला, की तो शेकडो जिवंत तोंडांचा गालिचा निघतो. त्यांना झोअँथिड म्हणतात आणि ते प्रवाळांचे नातलग आहेत. पाण्याबाहेर अंग आकसून बसलेले समुद्रफूल पाण्याखाली आपल्या बोटांसारख्या शुंडा पसरून असते. हे सगळे जुहू-वरळीच्या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर चालते. गोष्टीत या गोष्टींची यादी देऊ नये. यांतली एक निवडावी आणि ती नायिकेच्या नजरेला हळूहळू कशी दिसू लागते, तेवढेच लिहावे.

भरती-ओहोटी हेच गोष्टीचे घड्याळ

या प्रकारच्या गोष्टींत सर्वांत जास्त चुका येथे होतात. मूल रोज संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर जाते आणि मित्र रोज तिथे हजर असतो, असे सर्रास लिहिले जाते. कोळीवाड्यातले कोणतेही मूल ही गोष्ट दुसऱ्या पानावरच बाजूला ठेवेल. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून प्रत्येक दिवशी वेळ पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते.

आता हा हिशेब गोष्टीला लावून पाहावा. आपली नायिका सकाळच्या शाळेत जाते आणि दुपारी एकपर्यंत घरी येते, असे धरू. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते खरी, पण ते भांगाचे दिवस असतात. पाणी तेव्हा फारसे हटत नाही आणि खालचे खडक उघडे पडतच नाहीत. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असते. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते आणि नेमकी संध्याकाळी साडेपाच-सहाला पुरी होते. त्रयोदशीला तीच वेळ चारच्या आसपास असते. म्हणजे तेरसेपासून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापर्यंतचे तीन-चार दिवस, आणि पुन्हा अमावास्येच्या आगेमागे तितकेच. मधले दिवस दोघांनी वाट पाहण्याचे. लेखकाने काहीही न करता समुद्राने त्याच्या हाती कथानकाचा सांगाडा ठेवला आहे : भेट, ताटातूट, भेट. नायिकेला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथ्या बघायला शिकवणारी आजी गोष्टीत घातली, तर हा हिशेब वाचणाऱ्या मुलांपर्यंतही पोहोचतो, आणि तो पाठ करावा लागत नाही. प्रत्यक्ष किनाऱ्यावर जाताना अर्थातच तिथीच्या हिशेबावर विसंबू नये. त्या दिवसाचे छापील वेळापत्रक पाहावे.

वर्षाचाही एक ताल आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते. त्या चार महिन्यांत मुलाला खडकांवर पाठवू नये, गोष्टीतही नाही. त्यामुळे गोष्टीची सुरुवात दिवाळीनंतर, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास करावी, आणि मोठी ताटातूट वैशाखाच्या अखेरीस येऊ द्यावी. मध्ये होळी येते. कोळीवाड्यात होळीच्या रात्री घरात कोणीही नसते, आणि होळी पौर्णिमेलाच असल्यामुळे त्या संध्याकाळची ओहोटी उधाणाची असते. ज्याला कथानक सुचत नाही, त्याने या एका संध्याकाळीच विचार करत बसावे.

जीव कोणता घ्यावा

जलपरी शक्यतो टाळावी. ती अर्धी माणूसच असते, त्यामुळे तिच्याशी मैत्री करताना मुलाला काहीही नवे शिकावे लागत नाही. डॉल्फिन मुंबईच्या समुद्रात आहेत, पण ते किनाऱ्यालगत फिरत असले तरी डबक्यात येत नाहीत. कासवाचा विचार करायला हरकत नाही. मार्च २०१८ मध्ये वेसाव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे गेली होती. मात्र पिल्लू एकदा समुद्रात गेले, की परत भेटायला येत नाही, आणि त्याने यावे असे लिहिले, तर ती दुसरी जादू होते.

माझे मत विचाराल तर ऑक्टोपस घ्यावा. तो मुंबईच्या खडकांत खरोखर सापडतो आणि त्याच्याविषयी जे खरे आहे, ते सांगितले तरी मुलांना थाप वाटते. त्याला तीन हृदये असतात. त्याचे रक्त निळसर असते, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य प्राणवायू वाहून नेते. अंगात हाड नाही. चोच जिथून जाईल तिथून सगळा देह जातो. त्याच्या मज्जापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मेंदूत नसून आठ बाहूंमध्ये असतात, म्हणून एखादा बाहू डोक्याला न विचारता काहीतरी चाचपत राहू शकतो. बाहूंवरच्या चूषकांनी तो स्पर्श करता करता चवही घेतो. म्हणजे दुपारी बोंबील खाऊन आलेल्या मुलीच्या बोटाला त्याने स्पर्श केला, तर तिच्या जेवणाची बातमी तिने न सांगता त्याला कळेल. (एवढ्या एका वाक्यावर वर्गातली मुले हात धुवायला पळतात.) आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, क्षणात अंगाचे रंग पालटणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी एकाच प्रकारच्या असतात. बहुतेक ऑक्टोपसांना आपण पाहतो तसे रंग दिसत नाहीत, असे मानले जाते. जो रंग तो धारण करतो, तो त्याला स्वतःला कळत नाही.

मैत्रीची गाठ नेमकी इथे मारावी. मैत्री टिकायची असेल, तर दोघांकडेही एकमेकांना हवे असलेले काहीतरी असावे लागते, आणि आपल्या बहुतेक गोष्टींत देणारा एकच असतो : जीव देत राहतो आणि मूल घेत राहते. इथे मूल डबक्याकाठी बसून सांगू शकते, ‘आत्ता तू तांबडा झालास. कुंकवासारखा नाही, भिजलेल्या विटेसारखा.’ जगात दुसऱ्या कोणीही त्याला हे सांगितलेले नाही. आठ वर्षांच्या मुलीजवळ देण्यासारखे काहीतरी आहे, ही भावना वाचणाऱ्या मुलाला इच्छापूर्तीच्या मोत्यापेक्षा फार मोठी वाटते.

एकच जादू, आणि तिचीही किंमत

जादू काय असावी, याचा निर्णय या टप्प्यावर घ्यावा, त्याआधी नाही. ती जिवाच्या खऱ्या स्वभावातून अर्धे पाऊल पुढे गेलेली असावी. ऑक्टोपस रंग बदलतो. तर आपल्या गोष्टीतला ऑक्टोपस आसपासच्या खडकाचे रूप घेण्याऐवजी समोरच्या माणसाने मनात लपवलेली गोष्ट अंगावर उमटवतो, असे मानू. तो बोलणार नाही, उडणार नाही, बरणीतून सोने काढून देणार नाही. जादू करताना त्याला काहीतरी गमवावेही लागावे : प्रत्येक वेळी असे चित्र उमटले, की पुढचे उधाण येईपर्यंत तो फिकट आणि सुस्त राहतो. किंमत नसलेली जादू लेखकाला आळशी बनवते, कारण कथानक अडले की तो जिवाला हाक मारून मोकळा होतो.

मूल कोण आहे

मुंबईत किनाऱ्याजवळ राहणारी मुले एकसारखी नाहीत. वरळीच्या उंच इमारतीतल्या मुलाला समुद्र खिडकीतून दिसतो, पण खडकांवर उतरायची परवानगी नसते. कोळीवाड्यातल्या मुलीच्या घरात समुद्राचीच भाषा असते. बाबा डोल जाळे लावायला जातात, आजी पाटी घेऊन बाजारात बसते, घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत असतात. दोघांच्याही गोष्टी लिहिता येतात, पण दोघांची भीती निराळी असते. इमारतीतल्या मुलाला खेकडा चावेल याची भीती वाटेल. कोळीवाड्यातल्या मुलीला ती वाटणार नाही, वर्गातल्या मुली नाक दाबतील याची वाटेल. भीती कोणती, हे ठरल्याशिवाय लिहायला बसू नये. कोळी बोली उत्तम येत असेल तरच संवादांत वापरावी. ऐकीव बोली लिहिण्यापेक्षा साध्या मराठीत लिहून ‘दर्या’, ‘नाखवा’, ‘बाय’ असे दोन-चार अस्सल शब्द येऊ द्यावेत, तेवढ्याने घर उभे राहते.

आपण नायिकेला जाई म्हणू आणि तिला वरळी कोळीवाड्यात राहू देऊ. पहिली भेट कशी लिहिता येईल, याचा हा नमुना :

‘ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. जाई डबक्याकाठी उकिडवी बसली. मधला पांढरा दगड परवा तिथे नव्हता. ती वाकून बघू लागली, तेव्हा त्या दगडाने डोळा उघडला. डोळ्यात आडवी, काळी चीर होती. जाई हलली नाही. दगड आधी तपकिरी झाला, मग शेवाळी झाला, आणि मग त्याच्या पाठीवर एक छोटा पिवळा चौकोन उमटला. चौकोनाच्या एका कोपऱ्याला तडा गेलेला होता. जाईने तो ओळखला. तो तिचा डबा होता, जो शाळेत हरवला असे तिने सकाळपासून आजीला तीनदा सांगितले होते. “हरवला नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “मीच टाकला.” चौकोन पुसला गेला.’

या उताऱ्यात जादूचे स्पष्टीकरण नाही आणि ‘घाबरू नकोस, मी तुझा मित्र आहे’ असे कोणी म्हणत नाही. डबा का टाकला, हेही सांगितलेले नाही. त्यात सुकट होती आणि मधल्या सुट्टीत शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर गेली, हे पुढच्या पौर्णिमेपर्यंत राखून ठेवता येते. पहिल्या भेटीत जिवाला स्पर्शही होऊ देऊ नये. डबक्याच्या तोंडाशी खेकड्यांची रिकामी कवचे साचलेली पाहून जाईने पुढच्या खेपेस एक छोटी चिंबोरी आणावी, ती काठावर ठेवून मागे सरकावे आणि एका बाहूने येऊन ती ओढून न्यावी, एवढी प्रगती दुसऱ्या भेटीला पुष्कळ झाली. ऑक्टोपस बिळाबाहेर जेवणाचा असा उकिरडा खरोखरच करतो, आणि त्याचा पत्ता जाणकारांना बहुधा त्यावरूनच लागतो.

नाव लवकर ठेवू नये. मुले ओळख झाल्याबरोबर नाव ठेवतात हे खरे, पण गोष्टीत नाव उशिरा आले तर ते कमावलेले वाटते. आपल्या ऑक्टोपसाला, म्हणजे या मादीला, ‘ठिपकी’सारखे नाव पुरे आहे; त्यावर ‘जलराणी’ वगैरे चढवू नये.

बादलीचा मोह

अशा गोष्टींत ठरलेले एक वळण येते : मूल मित्राला बादलीत घालून घरी नेते. हे वळण अत्यंत सावधपणे हाताळावे. समुद्रातला जीव नळाच्या पाण्यात जगत नाही, आणि बादलीभर समुद्राच्या पाण्यातलाही प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. घरी नेलेला ऑक्टोपस मरतो. वाचणारे मूल पुढच्या रविवारी खरोखर बादली घेऊन निघाले, तर त्याची जबाबदारी लेखकाची आहे. शिवाय प्रवाळ, समुद्री घोडे आणि काही जातींचे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे.

आपल्याकडे या विषयाची सर्वांत जुनी गोष्ट मनूची आहे. हात धुताना त्याच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो, मनू त्याला आधी भांड्यात ठेवतो, मग तो वाढतो तसे अधिक मोठ्या पाण्यात आणि शेवटी समुद्रात सोडतो. त्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की, मला आता इथून हलव असे तो मासा स्वतः सांगतो. मनू आपल्या हौसेने त्याला घरी नेत नाही. बादली हवीच असेल, तर तिची गरज जिवाला असली पाहिजे. उन्हाळ्यात दुपारची ओहोटी लांबली, उथळ डबक्याचे पाणी तापले, आणि जाईने चार पावलांवरच्या खोल खळग्यापर्यंत त्याला बादलीतून नेले, हे पटते. एरवी मैत्री त्याच्याच घरी, त्याच्याच वेळेप्रमाणे चालू द्यावी.

संकट कुठून येते

इथे मुंबईच्या लेखकाला दोन मोह पडतात. पहिला कचऱ्याचा. प्लास्टिकमध्ये अडकलेला जीव, त्याला सोडवणारी मुलगी, शेवटी सगळा वर्ग किनारा साफ करतो : हे खोटे नाही. २०१५ साली अफरोज शाह यांच्या पुढाकाराने वेसाव्याला सुरू झालेली स्वच्छता मोहीम जगभर गाजली. पण गोष्टीत ते प्रकरण आले, की ती शाळेच्या निबंधासारखी वाचली जाते आणि ऑक्टोपस निमित्तापुरता उरतो. कचरा असू द्यावा, कारण तो तिथे असतोच. जाईने पाय टाकताना त्यातून वाट काढावी आणि लेखकाने पुढे जावे.

दुसरा मोह म्हणजे बांधकामाला राक्षस करण्याचा. किनारी रस्त्याचे काम सुरू असताना २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या, ही माहिती गोष्टीला उपयोगी आहे. त्याहून उपयोगी आहे ते वरळीच्या मच्छीमारांचे म्हणणे : या रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधून होड्या सुखरूप जायच्या, तर ६० मीटरचे अंतर अपुरे आहे. पुष्कळ आग्रहानंतर २०२२ च्या अखेरीस ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. ‘विकास विरुद्ध निसर्ग’ हा वाद मुलांना कळत नाही, पण बाबांची होडी दोन खांबांमधून जाईल की नाही, हा प्रश्न लगेच कळतो. बाबा रात्री उशिरापर्यंत बैठकीला जातात, घरात कोणी नीट बोलत नाही, जाई विचारते तेव्हा ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. मग एके दिवशी बाबा तिच्याबरोबर खडकांवर येतात आणि ठिपकीच्या पाठीवर दोन खांब उमटतात. मोठ्यांनाही लपवण्यासारखे काही असते, हे जाईला पहिल्यांदाच दिसते. आपली एकुलती एक जादू खर्च करण्याची गोष्टीतली योग्य जागा हीच असावी, असे मला वाटते.

वाचून मुले काय करतील

मुले गोष्टीतले सगळे करून पाहतात, म्हणून सुरक्षिततेचे नियम कथानकातच मुरवावेत. जाई एकटी जात नाही. आजी किंवा मोठा भाऊ नजरेच्या टप्प्यात असतो. ती घसरणाऱ्या चपला नव्हे, पकड असलेले बूट घालते, कारण शेवाळलेला खडक निसरडा असतो आणि त्याला चिकटलेल्या कालवांच्या कडा पाय कापतात. पाणी फिरले, की ती भेट अर्धवट टाकून उठते. चढणारे पाणी समोरून दिसण्याआधी मागच्या सखल वाटांत भरते आणि खडकाचे बेट होते. आजीने एकदाच म्हणावे, ‘दर्याला पाठ दाखवू नको, बाय.’ पुन्हा तो उपदेश करू नये. अनोळखी जिवाला बोट लावायचे नाही, हाही नियम हवा. पावसाळ्यात जुहूला ब्लू बॉटल नावाचे जेलीफिशसारखे जीव वाहून येतात आणि त्यांचा दंश फार झोंबतो. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकट माशांनी दंश केला होता. चूषकांच्या स्पर्शाचा जो प्रसंग वर सुचवला आहे, त्यातही हात आपणहून पुढे यावा तो ठिपकीचा, जाईने तिला पकडायला जाऊ नये.

शेवट

ऑक्टोपसाचे आयुष्य थोडे असते, बहुतेक जातींत एक-दोन वर्षे. मादी अंडी घातल्यावर त्यांच्यापाशी बसून राहते, खाणे सोडते, बाहूंनी त्यांच्यावर ताजे पाणी खेळवत ठेवते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. पुष्कळ जातींत ही पिल्ले तांदळाच्या दाण्याएवढी असतात आणि प्रवाहाबरोबर निघून जातात. मुलांना हे सांगावे का, असा प्रश्न पालक विचारतात. सांगावे, पण वय पाहून. सहा वर्षांच्या मुलासाठी वैशाखातली शेवटची भेट आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा उघडणारा समुद्र एवढे पुरे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ठिपकीने चिंबोरी खाणे का सोडले, हे जाईबरोबर कळू द्यावे. ‘ती तारा झाली’ असे मात्र लिहू नये. ज्या लेखकाने तिथ्यांचा हिशेब अचूक ठेवला, त्याने शेवटच्या पानावर मुलांची फसवणूक करण्याचे कारण नाही. पिल्लांनी आईची जादू घेतली की नाही, हे उघडे ठेवता येते. आणि ज्याला कैद केलेच नव्हते, त्याला ‘मुक्त’ करण्याचा सोहळाही लिहू नये. तो बादलीच्या गोष्टींतून आलेला आहे.

पहिला खर्डा झाला, की तो मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि ती कुठे चुळबुळ करतात, तिथे पेन्सिलीने खूण करावी. बहुधा त्या खुणा माहितीच्या परिच्छेदांवर पडतात. तिथली माहिती काढून टाकावी किंवा आजीच्या तोंडी एका वाक्यात द्यावी. मुले ‘पण तो ऐकतो कसा?’ असे विचारतील. याचे उत्तर आधी ठरवलेले असावे, मग ते गोष्टीत आले नाही तरी चालेल. ऑक्टोपसाला आपल्यासारखे कान नसतात, म्हणून जाई आल्याची वर्दी खडकावर दगडाने ठकठक करून देते, असे मी सुचवेन.

चित्रे काढून घ्यायची असतील, तर चित्रकाराला तीन सूचना लेखी द्याव्यात. बाहू आठच असावेत आणि ते मोजले जावेत, कारण मुले मोजतात. डोळ्यातली चीर आडवी काढावी आणि वर भुवया व खाली ओठ काढू नयेत. आणि प्रत्येक भेटीच्या चित्रात पाणी कुठपर्यंत आहे, हे त्या दिवसाच्या तिथीला धरून असावे : अमावास्येच्या संध्याकाळी खालचे खडक दिसलेच पाहिजेत, आणि अष्टमीच्या दुपारी दिसता कामा नयेत.